चोवीस कॅरेटचा चेहरा

लग्नसराई आली की पार्लरवाली हनुवटी धरून हळहळते, ‘मॅडम, स्किन किती डल झालीय!’ (काकू म्हणायची हिंमत तिलाही होत नाही.) मग निघतं गोल्ड फेशियल. सोनं सहसा कशाशीच संयोग पावत नाही. सुरकुत्यांशी काय पावणार? कोलॅजेन क्रीमचीही तीच गत. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणूला त्वचा दारातच अडवते आणि कोलॅजेन भरतं तीन लाखांच्या घरात. तरी चेहरा खुलतो हं! वाफ, मसाज आणि तासभर कुणीतरी ‘डोळे मिटून पडून राहा’ म्हणणं, एवढ्याचं ते तेज. सुरकुत्यांत मोठा वाटा उन्हाचा, पण सनस्क्रीन महाग पडतं म्हणे. फेशियलचं पॅकेज भिशीतून निघतं.