जशी आहे, जेथे आहे

भाचेबुवा गाडीच्या किमतीकडे थेट कधी जात नाहीत. आधी टॉर्च मागतात. पॅन्टला माती लागू नये म्हणून कालचा पेपर पसरतात, गाडीखाली डोकं घालतात आणि तिथूनच म्हणतात, "हं." तो 'हं' ऐकून खुर्चीतल्या मामांना वाटतं, लाखभर वाढले. मामींना वाटतं, उंदीर दिसला. बहुधा मामींचं बरोबर निघतं.

असे भाचे बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात पुष्कळ. रिंग रोडवरच्या कुठल्यातरी टेक पार्कात नोकरी, गळ्यात ओळखपत्र. नात्यात कुणाला काहीही विकायचं असलं की "त्याला सांगा, तो दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो" म्हणून काम यांच्याकडे येतं. यांनाही ते हवंच असतं. ऑफिसात कुणी मत विचारत नाही. मामांच्या परसात हेच तज्ज्ञ.

मामा मूळचे बेळगावचे. दूरवाणीनगरला आयटीआयच्या टेलिफोन कारखान्यात नोकरी लागली आणि जवळच महादेवपुऱ्यात त्यांनी जागा घेऊन घर बांधलं. आता त्या जागेवर बिल्डरचा डोळा आहे आणि परसात दोन गाड्या आहेत. एक 1967 ची फियाट 1100 डिलाइट, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. दुसरी मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. व्हाइटफील्डची मेट्रो 2023 साली धावू लागली. त्याच्या कितीतरी आधी या दोघींनी प्रवास सोडला होता.

"सहा लाख जोडीचे," मामा म्हणाले. "एक पैसा कमी नाही घेणार बघ."

भाचेबुवांना आकडा कमीच वाटला. आदल्या रात्री त्यांनी अमेरिकेतले लिलाव पाहिले होते. तिथे वेताच्या खुर्च्या बसवलेली फियाट जॉली हजारो डॉलरना जाते. डॉलरचे रुपये करून झाले, त्यात मामांचं वय आणि कुटुंबाची प्रतिष्ठा मिळवून झाली, तेव्हा कुणीतरी दाखवून दिलं की ती जॉली आणि ही डिलाइट. "सीटचा स्पंज गेलाच आहे," भाचेबुवा म्हणाले, "वेत बसवायला कितीसा वेळ लागतो?"

ज्ञानाच्या बाबतीत मात्र त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. हेराल्डची रचना मिकेलोत्ती नावाच्या इटालियनाची, हे ते केळीवाल्यालाही सांगतात. तिचं बॉनेट अख्खं, मडगार्डांसकट, पुढे उलटतं. गिऱ्हाईक आलं की भाचेबुवा ते उलटून दाखवतात. एकदा ते उलटलं ते परत बसेना. तेव्हापासून गाडी आ वासून उभी आहे. जाहिरातीत त्यांनी लिहिलं, 'इंजिन पाहणीसाठी सदैव खुलं.'

फियाटचं इंजिन जाम होतं. जुन्या मेकॅनिकांचा उपाय असा की प्लग काढायचे, भोकांतून डिझेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग हँडल मारून बघायचं. भाचेबुवांनी डिझेल सोडलं, हँडल मात्र मारलं नाही. न मारलेल्या हँडलाचं इंजिन चालूही असू शकतं, आणि ही शक्यता त्यांनी पन्नास हजारांना धरली होती.

खरं सांगायचं तर बंद पडलेल्या गाडीची किंमत तीनच ठिकाणी असते: कागदात, पत्र्यात आणि सुट्या भागांत. इंजिन आणि चासीचे नंबर आरसी बुकाशी जुळतात का, खालचा पत्रा बोट घातलं की आत जातो का, आणि मूळचे मोनोग्राम, हबकॅप, मागच्या दिव्यांच्या काचा जागेवर आहेत का. यंत्र दुरुस्त करता येतं, पण हेराल्डच्या दिव्याची काच शोधताना माणूस म्हातारा होतो. या हिशेबात फियाट बरी होती. पत्रा अर्धा गेलेला, पण हॉर्न, घड्याळ, आरसा, सगळं शाबूत.

कायदाही भाचेबुवांच्या बाजूने. 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षं उलटलेली मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' ठरते, वीस हजार रुपये भरले की नव्या नोंदणीत 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. मामा काळजीत पडले. भाचेबुवांनी त्यांना संध्याकाळी सहाचा रिंग रोड दाखवला. तिथे कुणाचीच गाडी चालत नव्हती.

गिऱ्हाइकं आली. बहुतेकांनी फाटकातूनच विचारलं, "सार, गाडी ओडुत्ता?" धावते का, या प्रश्नाला भाचेबुवा मिकेलोत्तीपासून सुरुवात करायचे. शिवाजीनगरच्या गुजरीतला एक भंगारवाला तेवढा थांबला. त्याने काही न विचारता गाडीभोवती एक फेरी मारली, किलोचा भाव सांगितला आणि काचा-टायर वजा केले. भाचेबुवांनी तिथल्या तिथे त्याचा नंबर ब्लॉक केला. माणसाला काही सौंदर्यदृष्टी असावी!

शेवटी एक खरा शौकीन मिळाला. फियाट पाहून तो खूश झाला, कारण भाग सगळे मूळचे. दीड लाखावर आला, मामाही मान हलवू लागले, आणि मग त्याने आरसी बुक मागितलं. बुकावर नाव मामांच्या वडिलांचं. वडील जाऊन चाळीस वर्षं झालेली. आता आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची आणि बाकीच्या वारसांची संमती आणायची. वारस बेळगाव, पुणे आणि न्यू जर्सीला पसरलेले.

भाचेबुवांनी कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. दोन दिवस नुसते अंगठे आले. मग पुण्याच्या मावशींनी लिहिलं, 'माझी वरात याच गाडीतून निघाली. पैसे नकोत, हॉर्न तेवढा पाठव.' धाकट्या मामांना घड्याळ हवं झालं. न्यू जर्सीच्या मावसभावाने दिवाणखान्यात टांगायला स्टिअरिंग मागितलं, पार्सलचा खर्च मामांकडे. बेळगावच्या मावशींनी आरशासाठी हट्ट धरला. त्याच्याशिवाय सही नाही म्हणाल्या.

भाचेबुवांनी एक्सेलची शीट उघडली. कुणाला काय, असा रकाना भरता भरता मोनोग्रामपर्यंत आले.

"मग आपल्या वाट्याला काय रे?" मामांनी विचारलं.

"पत्रा, मामा."

"चांगला आहे तेवढा तरी?"

भाचेबुवा उत्तर न देता फोनमधली ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी शोधू लागले.