बेंजोमास्तर

बीड जिल्ह्यात लग्नाची तारीख तिघं मिळून ठरवतात: भटजी, साखर कारखाना आणि बेंजोमास्तर. भटजी पंचांग बघून मुहूर्त काढतात. पण दिवाळीच्या तोंडाला कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर थेट कर्नाटकात गेलेली निम्मी भावकी कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय गावाकडं फिरकत नाही, त्यामुळं मुहूर्त आपोआप उन्हाळ्यात सरकतो. एवढं जुळलं, मांडववाला मिळाला, आचारी मिळाला, की बैठकीतलं एखादं म्हातारं माणूस खाकरून विचारतं, "मास्तरला इचारलं का?" आणि सगळी बैठक एकमेकांकडं बघायला लागते. एप्रिल-मेच्या दाट तिथीला मांडव गल्लोगल्ली असतात. मास्तर पंचक्रोशीत एकच.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, बेंजो वाजवणारा. केज, धारूर, वडवणी, माजलगाव, कुठल्याही तालुक्याला जा. नाव बदलेल, मास्तर तोच. वय पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं, केसांना मेंदी, गळ्यात ताईत, अंगात चमकीचा शर्ट आणि डोळ्यांवर गॉगल. रात्रीच्या वरातीतसुद्धा गॉगल. "रात्री कामून, मास्तर?" असं विचारलं तर म्हणतो, "लायटिंग तोंडावर येती." खरं कारण वेगळं आहे, ते पुढं येईलच.

त्याचं सगळं साम्राज्य एका छोट्या हत्तीत मावतं. मागच्या हौद्यात जनरेटर, वर भोंगे, दोन्ही अंगांना स्पीकरच्या पेट्या आणि उरलेल्या वीतभर जागेत मास्तर व की-बोर्डवालं पोरगं. ढोल, ताशा, हलगी खाली रस्त्यावर, उन्हात. गाडीवर देवाचं नाव, देवाच्या नावापुढं 'म्युझिकल ग्रुप', खाली 'प्रो. प्रा.' आणि दोन मोबाइल नंबर. त्यातला एक बंद असतो. चालू कोणता, हे गिऱ्हाइकानं शोधायचं.

वाद्य म्हणाल तर एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीनं तारा छेडायच्या. मास्तरची पट्टी म्हणजे मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचा कापलेला तुकडा. "बँकेत व्हतं तवा ह्या कार्डानं कधी पैसा दिला न्हाई, आता देतंय," हे वाक्य तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतो आणि दर वेळी स्वतःच पहिल्यांदा हसतो.

या वाद्याला तो 'खानदानी' म्हणतो. वास्तविक १९१२ साली जपानातल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थानं तारांवर बटणं बसवून हे यंत्र बनवलं. तिकडं त्याचं नाव तैशोगोतो. आपल्याकडं आल्यावर ते बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप बसला, आवाज भोंग्यातून निघायला लागला आणि महाराष्ट्रानं त्याला बेंजो ठरवून टाकलं. अमेरिकेतला बेंजो निराळाच. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं मढवून, वर तारा ताणून तिकडं जे वाद्य वाजवलं, त्याचा तो वंशज. हा सगळा इतिहास मी मास्तरला मोठ्या उत्साहानं सांगितला. वाटलं, बिचारा खट्टू होईल. तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "म्हंजी कंपनीचा माल हाय." तेव्हापासून सुपारी घेताना तो "जपानी मशीन हाय" असं आधीच सांगतो आणि त्यापायी पाचशे रुपये वाढवतो.

सुपारी घेणं हा तर स्वतंत्र कार्यक्रम. नवरदेवाचा बाप इसार खिशात घेऊन आलेला असतो, मास्तर बाजेवर.

"किती घ्यायलाव मास्तर?"

"तुमी घरचे. तुमाला काय सांगायचं?"

"तरी पण?"

"द्या की काय द्यायचं ते."

काय द्यायचं ते बाप सांगतो. मास्तर एकदम बहिरा होतो. चहा येतो, जातो. मग मास्तर दुसऱ्याच एखाद्या लग्नाची गोष्ट काढतो. तिथल्या मालकानं न मागता किती दिले, वर फेटा कसा बांधला, पोरांना गुलाबजाम कसे वाढले. आकडा असा आडवाटेनं येतो. मग घासाघीस होते आणि शेवटी जो ठरतो तो दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक असलेलाच असतो. निघताना मास्तर दारातून हाक मारतो, "गाडीचं डिझेल येगळं बरं का, मालक!"

आता परण्या. नवरदेव घोड्यावर, नाहीतर उघड्या जीपमध्ये. मांडवापासून मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेलं तर पाच मिनिटं. मास्तर वाजवत असला की तासाच्या आत कोणी पोचत नाही. या तासाभरात तो गाणी फार वाजवत नाही. एखादी चाल धरतो आणि तीच घोळवत राहतो. त्याचं बारीक कसब इथं दिसतं. मी एकदा मुद्दाम गाडीच्या कडेला उभा राहून बघितलं. मास्तरचे डोळे ना बटणांवर असतात, ना तारांवर, ना नवरदेवावर. ते पायांवर असतात. नाचणाऱ्या पोरांचे पाय रेंगाळायला लागले की तो चाल अर्ध्यावर सोडून एका सुरावर थरथर चालू करतो. पोरं वर बघतात. ताशेवाला त्या थरथरीला दुप्पट करतो, हलगी कडाडते आणि मास्तर पुन्हा त्याच चालीवर येऊन आदळतो. पाय पुन्हा उड्या मारतात. मामा मंडळी दमली की मावश्यांकडं वळायचं, मावश्या लाजल्या की लहान पोरांसाठी नागीण काढायची. रुमालाचं टोक दातांत धरून जमिनीवर लोळणारा एक तरी निघतोच. गॉगल याचसाठी. मास्तर कोणाच्या पायांकडं बघून हिशेब करतोय हे कोणाला कळता कामा नये, विशेषतः नोटा ओवाळणाऱ्यांना. दहाची नोट नवरदेवावरून ओवाळून मास्तरकडं आली तर सूर तोच राहतो. शंभराची आली तर तो त्या माणसाचं गाव, आडनाव आणि पक्ष माइकवरून सांगतो.

मास्तरचं वादन थोर आहे असं मी म्हणणार नाही. तारा बऱ्याचदा चढलेल्या असतात, भोंगा नाकात बोलतो आणि कोमल-तीव्र स्वरांचा प्रश्न तो बटण दिसेल तसा सोडवतो. पण त्या मिरवणुकीत समोरच्या माणसाकडं बघून काम करणारा तो एकटाच असतो. फोटोवाला पडद्याकडं बघतो, भटजी घड्याळाकडं.

आणि डीजे कोणाकडंच बघत नाही. डीजे हा मास्तरचा जन्माचा वैरी. भिंतीएवढ्या पेट्या, छातीत धडधड आणि पेन ड्राइव्हमधलं गाणं. पोरं दमली काय, पडली काय, गाणं आपलं पुढंच पळत असतं. डीजेपायी मास्तरची निम्मी लग्नं गेली. म्हणून ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांवर त्याची अपार श्रद्धा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हे कलम त्याला तोंडपाठ आहे, आणि ते फक्त डीजेला लागू आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. स्वतःच्या वरातीत दहा वाजून गेल्यावर फौजदार आला, तर मास्तर भोंगा बंद करून नुसती पेटी वाजवत राहतो आणि म्हणतो, "सायब, हे तर भजन हाय."

दोन उन्हाळ्यांमागं आमच्या नात्यातल्या एका लग्नाला नॉर्थ कॅरोलायनातून एक भाचा आला. संगणकात नोकरी आणि शनिवार-रविवारी तिकडच्या जुन्या गावठी वाजंत्रीचं वेड. फिडल, बेंजो, गिटार घेऊन अपालाचियाच्या डोंगरातली माणसं पूर्वी नाचाला साथ करायची, ती ही वाजंत्री. १९२३ मध्ये अटलांटात जॉन कार्सन नावाच्या फिडलवाल्याची तबकडी निघाली आणि खपली, तेव्हा कंपन्यांना या गावठी बाजाचा शोध लागला. भाच्यानं खराखुरा अमेरिकन बेंजो बरोबर आणला होता. तो मास्तरला दाखवल्याशिवाय मला चैन पडेना.

मास्तरनं बेंजो उलटासुलटा करून बघितला. "ह्याला बटणं कुठंयत?" नाहीत म्हटल्यावर चेहऱ्यावर कीव आली. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांड्याच्या मध्येच असते. त्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "हितं मोडला व्हता का?" तोवर हलगीवाल्यानं वाद्य हातात घेऊन कातड्यावर टिचकी मारली, तोंड वाकडं केलं आणि "ढिलं हाय, जाळ दाखवावा लागंल" म्हणत तो पेटवलेल्या पाचटाकडं निघालासुद्धा. हलगी तशीच तापवतात. भाचा "अहो काका, ते प्लॅस्टिकचं आहे!" असं ओरडत मागं पळाला. लग्नात त्याचं मराठी तेवढंच सगळ्यांना ऐकू आलं.

मग पट्टीचा प्रश्न. भाचा म्हणाला, "डी." मास्तर म्हणाला, "म्हंजी पांढरी दोन. आपलं मशीन काळी एकला लावल्यालं हाय, ते हालणार न्हाई." भाच्यानं बिचाऱ्यानं पाचही तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या. तेवढ्यात परण्या मारुतीपर्यंत पोचला. बेंजोवाल्याचं अर्धं आयुष्य तारा लावण्यात जातं अशी थट्टा अमेरिकेतही करतात म्हणे.

परतीच्या वाटेवर मात्र जमलं. भाच्यानं हौद्यात बसून एक डोंगरी चाल सुरू केली. नखानं तार खाली मारायची, अंगठा आखूड तारेवर, अशी ती तिकडची ढब. दोन फेऱ्यांत मास्तरनं चाल उचलली, तिसऱ्यात तिला आपलं थरथरीचं शेपूट जोडलं. तिकडच्या या बाजात कोणी एकटा पुढं येऊन वाजवत नाही. सगळे मिळून एकच चाल घोळवतात, नाचणारे थकेपर्यंत. मास्तरला हे वेगळं सांगावं लागलंच नाही. घोळ झाला तो शेवटाला. तिकडच्या रिवाजाप्रमाणं चाल थांबवायची खूण म्हणून भाच्यानं एक पाय वर उचलला. ताशेवाल्याला वाटलं, पाव्हण्याच्या अंगात आलं. त्यानं लय दुप्पट केली. भाचा पाय आणखी वर करतो, ताशा आणखी पेटतो. शेवटी तो मांडवाच्या दारात दोन्ही पाय वर करून हौद्यात आडवा झाला आणि नवरदेवाच्या मामानं त्याच्यावरून पन्नासची नोट ओवाळली.

"कसं वाटलं, मास्तर?"

"आपलंच गाणं हाय. गावरान."

जेवताना भाच्यानं टॉमी जॅरेलची गोष्ट सांगितली. नॉर्थ कॅरोलायनातला हा नामांकित फिडल आणि बेंजो वाजवणारा नोकरी म्हणून रस्ते खात्यात ग्रेडर चालवायचा. १९८२ साली अमेरिकन सरकारनं त्याचा राष्ट्रीय सन्मान केला. मास्तरनं सन्मान कानाआड केला. "पीडब्ल्यूडीत व्हता? मंग परमनंट असंल," एवढं म्हणून त्यानं मोठा उसासा टाकला. आपल्याकडं ज्येष्ठ कलावंतांना सरकारी मानधन मिळतं. त्याचा कोरा अर्ज मास्तरच्या चमकीच्या खिशात कितीतरी दिवस घडी होऊन पडला आहे. कलाप्रकार काय लिहावा हे ठरत नाही. 'लोककला' लिहिलं तर जपानी मशीनचा भाव उतरतो, 'आधुनिक' लिहिलं तर अर्जाला अर्थ उरत नाही.

असा हा कोणापुढं न वाकणारा माणूस फक्त एका ठिकाणी गॉगल काढतो. लग्नानंतर घरात गोंधळ असतो. संबळ, तुणतुणं आणि ज्योत; वीज नाही, भोंगा नाही. गोंधळी अंबाजोगाईच्या योगेश्वरीला, तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला या म्हणून आळवतो आणि मास्तर मागं मांडी घालून झील धरतो. त्या रात्री भाचा तुणतुण्याकडंच टक लावून बसला होता. नळकांड्याच्या तळाला कातडं, कातड्यातून निघालेली एकच तार, वर खुंटी. "मामा, खऱ्या बेंजोचा चुलतभाऊ हाच की!" तो माझ्या कानात म्हणाला. मी ते मास्तरच्या कानात सांगितलं. मास्तरनं मला गप्प बसायची खूण केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "देवीपुढल्या वाद्याला भाऊबंदकी लावू नका."

तर तुमच्याकडं यंदा कार्य निघालं तर उगाच डीजेच्या नादी लागू नका. मास्तरला आधी गाठा. इसार दिवाळीलाच द्या. दोन्ही नंबर लावून बघा. नागिणीची फर्माईश दोनदा करू नका, तो तिसऱ्यांदा आपणहून वाजवतोच. आणि ताशे-हलगीवाल्या पोरांना पहिल्या पंगतीला बसवा. शेवटच्या पंगतीला बसवलं तर वरातीत चाल हळू होते, आणि ती का झाली हे मास्तर माइकवरून सगळ्या गावाला सांगतो.