बनियनला दर्शनी भागात मज्जाव

नव्या टॉवरमध्ये राहायला गेलं की पहिली नोटीस पार्किंगची येते आणि दुसरी कपड्यांची. 'दर्शनी बाजूस कपडे वाळत घालू नयेत.' का? तर फ्लॅटचे भाव पडतात. दीड कोटीच्या फ्लॅटला दीडशे रुपयांचं बनियन खाली खेचतं म्हणे. रिझर्व्ह बँकेने या बनियनचा अभ्यास करायला हवा.

हे शहाणपण आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत अनेक वसाहतींच्या घरमालक संघांनी हेच कारण देऊन दोऱ्या उतरवायला लावल्या. शेवटी राज्यांना कायदे करावे लागले. व्हरमाँटने २००९ मध्ये उन्हात कपडे वाळवायचा हक्क दिला. गंमत म्हणजे स्प्रिंगच्या चिमट्याचं पेटंट घेणारा डेव्हिड स्मिथ याच व्हरमाँटचा. पेटंट १८५३ चं. चिमटा आधी आला, तो बिनधास्त लावायची मुभा दीडशे वर्षांनी! माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला तोवर चाळीस वर्षं झाली होती.

आपल्याकडे महालक्ष्मीचा धोबीघाट बघा. तिथे चिमटाच लागत नाही. दोन दोर एकमेकांत पिळून ताणायचे आणि त्या पिळात चादरीचं टोक खुपसायचं. वाऱ्याची काय टाप आहे! पुलावर उभे राहून परदेशी पाहुणे त्याचे फोटो काढतात, गाइड १८९० पासूनचा इतिहास सांगतो. तीच चादर तिथे वारसा आणि आमच्या बाल्कनीत बकालपणा.

बरं, त्या उन्हाच्या वासाचं काय? कोपनहेगनच्या रसायनशास्त्रज्ञांनी टॉवेल नुसत्या शुद्ध पाण्यात धुऊन उन्हात, सावलीत आणि खोलीत वाळवले. २०२० मध्ये निष्कर्ष आला: उन्हातल्या टॉवेलवर अल्डिहाइड आणि कीटोन जातीची अशी संयुगं सापडली, जी बाकीच्यांवर नव्हती. त्यातली काही तर अत्तरांतही असतात. आजीने हे प्रयोगशाळेविना, टॉवेल नाकाला लावून सांगितलं असतं. आता आम्ही बंद खोलीत विजेवर कपडे वाळवतो आणि ताज्या उन्हाचा सुगंध बाटलीतून विकत आणतो.

सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, नियम म्हणजे नियम. त्यांच्या दर्शनी बाल्कनीत त्या दिवशी पापड वाळत होते. नोटिशीत फक्त 'कपडे' असं लिहिलंय.