घरच्या घरी अंधश्रद्धा

साहित्य: एक कबूतर, एक पेटी आणि घड्याळावर चालणारी दाण्यांची वाटी. कबूतर भुकेलंच हवं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली ही कृती छापली, तेव्हा त्यांनी पक्ष्यांचं वजन आधी पाऊणपट करून घेतलं होतं. पोट भरलेलं कबूतर नवस बोलत नाही.

कृती: कबूतर पेटीत ठेवा. दर पंधरा सेकंदांनी वाटी पुढे यावी, पाचेक सेकंद थांबावी आणि मागे जावी. पक्षी नाचो, पेंगो, तुमच्याकडे रागाने बघो. वाटी आपल्या वेळेलाच येणार. नवशिके चुकतात ते इथेच. कबूतर काहीतरी गोड करतं आणि आपण कौतुकाने दाणे टाकतो. तसं केलंत तर ते शिक्षण होईल. आपल्याला अंधश्रद्धा हवी आहे.

आता वाट बघा. वाटी आली तेव्हा कबूतर सहज डावीकडे वळत होतं. ते पुन्हा वळतं, पुन्हा दाणे येतात (येणारच होते). कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. इथे तीच गोष्ट कावळ्याच्या बाजूने घडते. स्किनर यांच्या आठांपैकी सहा कबुतरांना असं व्रत लागलं. एक उलट्या प्रदक्षिणा घालायचं, एक वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचं, दोघं लंबकासारखी डुलायची. मिनिटाभराचं अंतर ठेवलंत तर मात्र व्रत नीट धरत नाही.

टीप: १९७१ साली स्टॅडन आणि सिमेलहॅग या संशोधकांनी हीच कृती पुन्हा करून बारकाईने पाहिली. वाटीची वेळ जवळ आली की बहुतेक कबुतरं सरळ चोची मारत होती. बाकीचे चाळे मधल्या रिकाम्या वेळातले. म्हणजे नवस वगैरे काही नाही, जेवणाची वाट बघतानाची चुळबुळ. मला हेच जास्त पटतं. पण सामना रंगला की आमचे काका सोफ्यावरून हलत नाहीत आणि पाणी प्यायलाही कुणाला उठू देत नाहीत, त्याला चुळबुळ कसं म्हणायचं?

व्रत मोडायचं असेल तर वाटी बंद करा आणि धीर धरा. स्किनर यांचं एक कबूतर या पायावरून त्या पायावर नाचायचं. दाणे बंद झाल्यावर ते थांबलं, पण त्याआधी दहा हजारांहून जास्त वेळा नाचलं.