आम्ही अपॉल्ड आहोत

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा हिंदीत असतात, पाण्याच्या टँकरची चौकशी ज्याच्या तोंडात जी भाषा येईल तीत, आणि नैतिक धक्का मात्र नेहमी इंग्रजीत. मध्यंतरी कुणीतरी गच्चीवर बोंबील वाळत घातले. कमिटीतल्या एका गृहस्थांनी भल्या सकाळी लिहिलं, 'वी आर अपॉल्ड.' बी विंगमधल्या काकांनी घाईघाईत ते 'अप्लॉड' असं वाचलं, टाळ्यांचे ढीगभर हात पाठवले आणि खाली 'सो नाइस ऑफ यू' असंही टाकलं. बोंबील त्यांचेच होते.

तेव्हापासून 'अपॉल्ड' हा शब्द माझ्या मनात घर करून आहे. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, आणि अर्थ अगदी साधा: पांढरं पडणं. समोरचं कृत्य इतकं भयंकर, की बघणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. कधीकाळी इंग्रजीत तो शब्द जोर उतरलेल्या दारूलाही लावत. आता पांढरं पडायचं तर आधी थोडंफार गोरं असावं लागतं. आमच्या भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर उन्हात रापलेला माणूस कितीही अपॉल्ड झाला तरी शेजाऱ्याला ते कळणार कसं? म्हणूनच असेल, मराठी माणसाने ही भावना चेहऱ्याच्या रंगावर सोपवली नाही, हातांवर सोपवली. कपाळावर हात, कानांवर हात, नाकाला पदर, गालावर बोट. तोंडाने 'शिव शिव' किंवा 'अगंबाई', आणि फारच झालं तर 'कलियुग हो, दुसरं काय!' संस्कृत नाटकातला ब्राह्मण 'अब्रह्मण्यम्' असं ओरडत बाहेर यायचा. आमच्या जिन्यात कुणी तसं ओरडलं तर लोक अॅम्ब्युलन्स बोलावतील.

अपॉल्डचा तापट भाऊ म्हणजे 'आउटरेज'. बाहेर पडणारा संताप, आउट अधिक रेज, अशी त्याची फोड कुणीही करील. पण ती खोटी. तो शब्द आला लॅटिनमधल्या 'अल्ट्रा'वरून, म्हणजे पलीकडे, मर्यादा ओलांडून. आपला 'अतिरेक' त्याच्या अगदी जवळचा. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ३५४ मध्ये हा शब्द स्त्रीच्या विनयशीलतेला धक्का देण्याच्या संदर्भात आला आणि मराठीने त्यासाठी 'विनयभंग' असा खणखणीत शब्द घडवला. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलमाचा आकडा ७४ झाला, शब्द तोच राहिला. अतिरेकाचं मात्र आपल्याकडे वाईट झालं. अतिरेक करणारा तो अतिरेकी, त्यामुळे गच्चीच्या भांडणात तो शब्द वापरायची सोय उरली नाही. उरलं ते 'शॉकिंग'. कांद्याचा भाव शॉकिंग, लाइटबिल शॉकिंग, आणि अमक्याच्या मुलाने घरी न सांगता लग्न केलं तेही त्याच मापाने शॉकिंग.

इंग्रजीत हादरण्याची एक मोठी सोय असते. 'तुम्हाला लाज नाही वाटत?' असं मराठीत विचारलं की पुढच्या क्षणी उत्तर येतं, आणि त्या उत्तरात आपल्या घरातल्या दोन-तीन गोष्टी निघतात. 'वी आर अपॉल्ड'ला उत्तर येत नाही. कोण 'वी', हे विचारायचं धाडस कुणी करत नाही आणि शब्दाचा नेमका अर्थ विचारायचं तर त्याहून नाही.

आणि आमच्या मीरा-भाईंदरसारख्या गावात ही सोय लागतेच. मिठागरं, शेती आणि मासेमारी यांवर जगणारी ही गावं १९८५ साली नगरपालिकेत गोळा झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. इतकी माणसं आपापल्या मुलखातून आली ती हादरण्याची यादीही बरोबर घेऊनच. तिसऱ्या मजल्यावर लसूण तळला की चौथा मजला खिडकी लावतो. चौथ्या मजल्यावर पहाटे घंटा वाजली की तिसरा उशी कानावर घेतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये तर ही यादी थेट महापालिकेत पोहोचली. जैनांच्या पर्युषणकाळात आठ दिवस मांसविक्री बंद, असं मीरा-भाईंदर पालिकेने ठरवलं. शेजारी मुंबईत चार दिवस. एक बाजू मांस बघून हादरली होती, दुसरी बंदी बघून. मुंबईत विरोधकांनी रस्त्यात कोंबडीचे स्टॉल लावले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि मासळीला बंदीतून सूट कशी, या प्रश्नावर सरकारी बाजूने सांगण्यात आलं की मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्यामुळे तिथे कत्तल होतच नाही. बी विंगच्या काकांना हा युक्तिवाद तोंडपाठ आहे. बोंबलाने स्वतःहून देह ठेवला, आपण फक्त तो वाळवला, असं ते म्हणतात.

पुण्यातल्या लोकांनी आम्हाला हसू नये. १८९० साली तिथल्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये बड्या मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा तंटा, उभं राहिलं. यादीत न्यायमूर्ती रानडे, यादीत टिळक. प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एका कपावरून! तोच चहा आज त्याच पुण्यात दर पन्नास पावलांवर मिळतो आणि तो न पिणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. मला तर वाटतं, गोपाळरावांना त्या चहाचा धक्का मुळीच बसला नसावा. दुसऱ्यांना धक्का बसताना बघायची त्यांना हौस असावी. असे गोपाळराव प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तरी असतात. स्वतः काही म्हणत नाहीत, फोटो तेवढा टाकतात.

धर्म, जात, आहार यांच्या पलीकडचा धक्का बघायचा असेल तर संध्याकाळी विरार फास्टमध्ये चढावं आणि बोरिवली गेल्यावर हळूच म्हणावं, 'जरा सरका, भाईंदरला उतरायचंय.' अख्खा डबा वळून बघतो. 'भाईंदर गाडी नव्हती का?' या चार शब्दांच्या प्रश्नात जी नैतिक उंची असते ती मी एकाही प्रवचनात अनुभवलेली नाही. त्या वेळी सगळे एका बाजूला असतात: गुजराती, मारवाडी, उत्तरेचे, कोकणातले.

अस्सल मराठी अपॉल्ड मात्र बाजारातच भेटतं. पापलेटाच्या वाट्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक निम्म्यावर येतं. मावशी आधी काहीच बोलत नाही. कोयता खाली ठेवते, ओला हात कमरेवर घेते, गिऱ्हाइकाला सोडून शेजारणीकडे बघते. 'ऐकलंस का गं, काय मागतेय ही?' शेजारीण आपलं गिऱ्हाईक टाकून हनुवटीला बोट लावते. तिसरी न विचारताच 'अगं माझे आई!' म्हणते. रांगेतले चार लोक वळून बघू लागतात. एवढं सगळं होऊन गिऱ्हाईक शरमून पाकीट उघडतं, तोवर वाटा पन्नास रुपयांनी महागलेला असतो.