चौदा भागांचा कॅप्टन

अर्ध्यावर बंद पडलेल्या मालिकेचा चाहता गावात एकच असावा. दोन झाले की पुढची कथा काय असती यावरून भाऊबंदकी सुरू होते. वालावलात हा मान कॅप्टनकडे आहे. कॅप्टन हा हुद्दा नव्हे. नोकरीभर त्याने मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये तेलपाणी केले, आणि खऱ्या कॅप्टनशी त्याचा संबंध बहुधा शिव्या खाण्यापुरताच आला. पण बोटीवरून परतलेल्या माणसाला आपल्याकडे गावच बढती देतो.

मालिकेचे नाव ‘फायरफ्लाय’. २० सप्टेंबर २००२ रोजी ती अमेरिकेत ‘फॉक्स’ वाहिनीवर सुरू झाली आणि डिसेंबरात आटोपली. भाग तयार होते १४, दाखवले ११. पाचशे वर्षांनंतरचे अंतराळ, त्यात ‘सेरेनिटी’ नावाचे एक खटारा मालवाहू यान आणि त्यातून मिळेल तो माल, बराचसा चोरटा, वाहणारी नऊ माणसे. कुठल्याशा बंदरात एका खलाशाने डीव्हीडीचा संच कॅप्टनच्या हाती दिला. दुसऱ्या कुणी ही मालिका बघून टाळ्या वाजवल्या असत्या. कॅप्टनने तिच्याशी सोयरीक केली.

कारण विचारा, म्हणजे संध्याकाळ गेली. लक्ष्मीनारायणाच्या तळ्याच्या काठावर बसून तो सांगतो, “इतरांच्या यानात बटण दाबला की गाडी सुटली. अरे मेल्या, पण तेल कोण घालता? इंजिनरूम खय आसा? ह्या एकाच यानात एक चेडू आसा, तिच्या हाताक ग्रीस आसा!” ही चेडू म्हणजे केली, सेरेनिटीची मेकॅनिक. एका भागात इंजिनाचा एक फालतू सुटा भाग जळतो आणि अख्खे यान अंतराळात मेल्यासारखे लोंबकळत राहते. हा भाग कॅप्टन उभा राहून बघतो. राष्ट्रगीताला आपण उभे राहतो तसा नव्हे. कुठल्याही क्षणी खाली जावे लागेल, अशा तयारीने.

फॉक्सवाल्यांवरचा त्याचा राग मात्र रास्त आहे. कोण कुठला, यान कुणाचे, हे सगळे सांगणारा दोन तासांचा पहिला भाग त्यांनी सर्वांत शेवटी, २० डिसेंबरला दाखवला. कॅप्टनने हे गावाला एका वाक्यात समजावले: “रातभर आख्यान करून पहाटे दहीकाल्याच्या वेळाक गणपती आणि संकासुर रंगमंचार आणलो तर तुमी दशावतारवाल्यांका काय करशात?” त्या दिवसापासून फॉक्स वाहिनी न बघितलेला वालावलकरही तिच्या विरोधात आहे.

२००५ साली चाहत्यांच्या प्रेमापोटी ‘सेरेनिटी’ नावाचा चित्रपट निघाला. कॅप्टन तो हिशोबात धरत नाही. त्यात यानाचा चालक वॉश मरतो. ज्या रात्री हे कळले त्या रात्री कॅप्टन जेवला नाही. त्याच्या बायकोने, म्हणजे काकीने, ताट झाकून ठेवले आणि विचारले, “सुतक कोणाचा, तां तरी सांगा. माका पापड तळूचे आसत.”

काकीच्या मालिका हा घरातला दुसरा पक्ष. तिथे भाग हजाराच्या घरात जातात आणि मेलेली माणसे जाहिरातीनंतर परत येतात. शिवाय पलीकडे आकेरीत चित्रीकरण झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ची तीन पर्वे झाली. “भुतांका तीन पर्वां आणि अंतराळाक चौदा भाग,” असे म्हणून कॅप्टन जो सुस्कारा टाकतो, तो कर्ली नदीच्या पलीकडे ऐकू जात असावा.

चतुर्थीला मुंबईहून पुतण्या येतो. बाहेरच्या जगातल्या चाहत्यांच्या बातम्या तोच पुरवतो. नासाचा अंतराळवीर स्टीव्हन स्वान्सन २००७ मध्ये याच मालिकेच्या डीव्हीडी अंतराळ स्थानकावर घेऊन गेला, हे ऐकून कॅप्टनने आरतीला दोन कडवी जास्त म्हटली. २००९ मध्ये नासाने स्थानकाच्या एका नव्या दालनाच्या नावासाठी लोकांचा कौल घेतला. नासाने सुचवलेल्या नावांत ‘सेरेनिटी’ पहिले आले, बाहेरून घुसलेल्या एका विनोदवीराच्या नावाने त्यालाही मागे टाकले, आणि नासाने नाव ठेवले तिसरेच, ‘ट्रँक्विलिटी’. सरपंचपदाच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या कॅप्टनला यात काही नवल वाटले नाही.

त्याला नवल वाटले ते ‘जेरिको’चे. ही मालिका २००७ मध्ये बंद केली तेव्हा चाहत्यांनी ‘सीबीएस’ वाहिनीला सुमारे वीस टन शेंगदाणे धाडले, आणि वाहिनीने नमून आणखी सात भाग केले. कॅप्टन ताडकन उठला. “आपण काजूगर धाडूया!” ओसरीवर शांतता पसरली. मग बागायतदार असलेल्या शेजाऱ्याने मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाला, “वीस टन काजूगर? त्यापेक्षा तू वाहिनीच विकत घे.”

भजनी मंडळही सुटले नाही. उसळ-पाव येईपर्यंतच्या वेळात त्याने एकदा पहिला भाग लावला. मृदुंगमणी झोपला. बुवांनी मात्र नेटाने अर्धा तास बघून विचारले, “ह्या सगळ्यात देव खय आसा?”

शेवटी त्याने देवळातच गाऱ्हाणे घालायला लावले. मानकऱ्याने नारळ घेतला आणि नेहमीच्या लयीत सुरू केले: “बा म्हाराजा, अमेरिकेत जी काय मालिका बंद पडलेली आसा, तिका जी काय नड-अडचण असात ती दूर कर, फॉक्सवाल्यांका सुबुद्धी दी आणि मालिका मार्गाक लाव रे म्हाराजा!” जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा!” म्हटले. पोरांच्या लग्नाला, कोर्टातल्या दाव्याला जेवढा जोर लावतात, तेवढाच. तेव्हापासून दरवर्षी हे गाऱ्हाणे होते.

माझे मत विचाराल तर चौदा भागांत सुटका झाली हे भाग्य. पाचव्या पर्वापर्यंत त्या यानाच्या कप्तानाची स्मृती गेली असती, सहाव्यात त्याला जुळा भाऊ निघाला असता. पण हे मी कॅप्टनला सांगत नाही. मला त्याच्या परड्यातले नारळ मिळतात.

यंदा पुतण्याने काकाची फिरकी घेतली. “काका, मालिका परत सुरू होतली म्हणतत.” कॅप्टनचा चेहरा उजळेल असे सगळ्यांना वाटले. तो पांढरा पडला. “वॉश तर मेलो. मगे यान कोण चालयतलो?” मग थोड्या वेळाने, “आणि केलीचा लगीन भलत्याशीच लावल्यानी तर?” मग बऱ्याच वेळाने, “पंधरावो भाग माका ठाव आसा. त्येंका ठाव आसा काय?” पंधराव्यापासून चाळिसाव्यापर्यंतचे सगळे भाग त्याने तळ्याकाठी बसून रचलेले, आम्हाला ऐकवलेले आणि दरवेळी थोडे बदललेले.

पुतण्याने मस्करी कबूल करायच्या आतच तो देवळाकडे निघाला होता. मानकरी दारातच भेटला.

“गाराण्यात थोडी दुरुस्ती करूची आसा,” कॅप्टन म्हणाला. “सुरू कर म्हटललंय, तां आता ऱ्हवांदे.”

मानकऱ्याने त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितले.

“दुरुस्तीक वेगळो नारळ लागता.”