मुंडी कुणाची?

आखाड लागला की मटण खाणाऱ्या घराघरांत एकेक अर्थशास्त्रज्ञ जागा होतो. एरवी हा गृहस्थ रविवारी सकाळी पिशवी घेऊन दुकानासमोर निमूट उभा असतो, ‘मांडीचं द्या, चरबी कमी’ एवढंच पुटपुटतो आणि तराजूत मानेचे दोन तुकडे पडले तरी न बघितल्यासारखं करतो. पण दर आठशेला टेकला आणि श्रावण पंधरा दिवसांवर आला, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारचौघांसमोर तो जाहीर करून टाकतो, ‘त्यापेक्षा अख्खा बोकडच आणू या की! निम्म्यात पडतो.’

निम्म्यात पडतो हे त्याला कुणी सांगितलं, ते कधी नीट कळत नाही. बहुधा मेव्हण्याने. मेव्हणा शिरूरकडचा नाहीतर आटपाडीकडचा असतो, आणि त्याच्या गावात सगळंच निम्म्यात पडतं.

कल्पना काही नवी नाही. गावाकडे ‘यंदा वाट्यात आहेस का?’ असं विचारलं तर शेतजमिनीचा विषय निघाला असं कुणी समजत नाही. जत्रा, धुळवड, आखाड, गटारी अशा मुहूर्तांवर पाच-दहा घरांनी मिळून बोकड घ्यायचा आणि त्याचे वाटे घालायचे, ही जुनी रीत. तिच्यामागे काटकसर होती असं शहरातल्यांना वाटतं. खरं कारण साधं होतं. फ्रीज नव्हता. सकाळी कापलेला बोकड संध्याकाळपर्यंत संपायलाच हवा, आणि दहा-बारा किलो मटण एका घराला संपणं शक्य नाही. म्हणून आधी वाटेकरी जमवायचे, मग सुरीला धार लावायची. वाटेकरी भरले नाहीत तर बोकडाला आणखी आठवडाभर पाला मिळायचा.

शहरी मंडळ हा सगळा इतिहास वगळून थेट चाकणच्या शनिवारच्या बाजारात जाऊन थडकतं. आठ वाटेकऱ्यांपैकी बाजाराला प्रत्यक्ष येतात चौघे. बाकीच्यांची ‘अचानक’ कामं निघालेली असतात. बाजारात काळेभोर, लांब कानांचे उस्मानाबादी दिसतात, संगमनेरी दिसतात. या चौघांना त्यातलं काही ओळखू येत नाही आणि हेड्यांना ते लांबूनच कळतं. जाणता माणूस जनावराचं तोंड उघडून दात बघतो. दोन दाती म्हणजे वय साधारण वर्ष-दीड वर्ष, मटण कोवळं. मग तो कमरेवर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटं दाबून बघतो. हाड बोटाला टोचलं तर वर कितीही केस झुलत असोत, आत मांस नाही. बोकड खच्ची केलेला आहे का, हेही तो विचारतो, कारण वयात आलेल्या अंडील बोकडाचा दर्प कांदा-खोबऱ्याच्या वाटणालाही दाद देत नाही. आपले चौघे यातलं काहीच करत नाहीत. एक जण फोटो काढून घरी पाठवतो. उत्तर येतं, ‘किती गोड आहे! याला नका घेऊ.’

पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि विकणारा एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचे आणि बघ्यांना पत्ता लागायचा नाही. आता पुष्कळ ठिकाणी जिवंत वजनावर भाव ठरतो. त्यामुळे व्यवहार स्वच्छ झाला, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात काट्यावर चढण्यापूर्वी बोकडाला पोटभर पाला आणि बादलीभर पाणी मिळतं, आणि त्या दोन-तीन किलोंचा भावही घेणारी मंडळीच भरतात. उपाशी बोकड विकणारा हेडी अजून जन्माला यायचा आहे.

इथे हिशेबाची वही उघडावी लागते. मंडळात एक निवृत्त बँकवाले असतातच, ते उघडतात. समजा बोकड २४ किलोचा, जिवंत वजनाचा भाव ४२५ रुपये. झाले १०,२०० रुपये. टेम्पो, कापणावळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चहा मिळून आणखी ८००. एकूण ११,००० रुपये. आता कातडं, मुंडी, खूर आणि पोटातला सगळा ऐवज वजा केला तर शेळीवर्गीय जनावराचं हाडासकट मटण जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास भरतं, बऱ्याचदा थोडं कमीच. या बोकडाचं भरलं साडेअकरा किलो. अकरा हजार भागिले साडेअकरा. उत्तर येतं ९५७ रुपये किलो. कोपऱ्यावरच्या दुकानात ८००.

बँकवाले दोनदा भागाकार करतात. नंतर मोबाईलवर करतात. बोकडाच्या गणितात यंत्राने फरक पडत नाही.

दुकानदाराला आठशेत कसं परवडतं मग? तो आठवड्याला कळपाने घेतो, बाजारातला भाव त्याला कळतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो बोकडातलं काहीही फुकट जाऊ देत नाही. मुंडी विकतो, चार पाय विकतो, वजडी विकतो, काळीज तर मागणी बघून विकतो. मुंडी, पाय, काळीज, गुर्दे, दिल, फुफ्फुस, वजडी असं सगळं धरलं तर आणखी पावणेचार-चार किलो खाण्याजोगा माल निघतो. तो जमेस धरला की आपल्या मंडळाचाही दर ७२०च्या आसपास उतरतो. म्हणजे बचत आहे. फक्त ती मांडीत नाही, मुंडीत आहे. आणि मंडळातल्या आठांपैकी सात घरांत मुंडी आणली तर माणसाला बाहेर झोपावं लागेल.

या दराच्या गणिताला कुणी क्षुल्लक समजू नये. २०१९च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाचा दर पाचशेच्या बराच पुढे गेला, तेव्हा रीतसर आंदोलन झालं. कृती समिती स्थापन झाली, बैठका झाल्या, दुकानं बंद राहिली. तांबडा-पांढरा रस्सा ज्या शहराची ओळख आहे, तिथे मटणाचा भाव हा पेट्रोलच्या भावापेक्षा गंभीर प्रश्न असणार, हे ओघानेच आलं.

सोसायटीच्या आवारात बोकड कापता येत नाही. पालिकेचे नियम आडवे येतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नियमांच्याही आधी येतात. त्यामुळे सगळी वरात मेव्हण्याच्या शेतावर जाते. तिथे कापायला मुलाणी येतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात गावच्या बलुतेदारांची सविस्तर हकिकत आहे, त्यात मुलाणीही आहे. गावात बकरं कापायचं काम त्याचं, आणि त्याबद्दल मिळणारा हक्कही त्याचा. पाटलाच्या घरचा बोकड असो की देवाचा, सुरी मुलाण्याचीच, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आजही बऱ्याच गावांत वाटत नाही. पूर्वी मजुरीत कातडं जायचं. अलीकडे चामड्याचे भाव असे पडले आहेत की कातडं देऊ केलं तर मुलाणी ते तुमच्याच टेम्पोत ठेवून रोख मागतो.

नंतरचा अर्धा तास मात्र बघण्यासारखा असतो. आंब्याखाली ताडपत्री अंथरलेली. तिच्यावर आठ ढीग. आधी फऱ्याचे तुकडे प्रत्येक ढिगावर, मग मांडीचे, मग सीना, चाप, मान. त्यावर चरबीचा एकेक गोळा. काळजाचे तुकडे मोजून, कारण ते कमी पडलं तर पुढच्या वर्षी वाटेकरी फुटतो. नळ्यांच्या वेळी आठही जणांचं बोलणं बंद होतं. वजनकाटा शेजारीच असतो, पण विश्वास डोळ्यांवर. मेव्हणा उकिडवा बसून या ढिगातला तुकडा त्या ढिगात, त्यातला यात असं करत राहतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हळूच म्हणतं, ‘कडेचा जरा बारीक वाटतोय.’

शेवटी एकाला ढिगांकडे पाठ करून उभं करतात. मेव्हणा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, ‘हा कुणाचा?’ पाठमोरा एक नाव घेतो. पुढचा ढीग, पुढचं नाव. पाच मिनिटांत वाटणी संपते आणि तक्रारीला जागा उरत नाही, कारण ढीग लावणाऱ्याला तो कुणाकडे जाणार ते माहीत नव्हतं आणि नाव घेणाऱ्याला कुठला ढीग ते दिसत नव्हतं.

न्याय्य वाटणीच्या या प्रश्नावर ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाने १९४८ साली निबंध प्रसिद्ध केला होता. दोघांत वाटणी सोपी, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने निवडायचं. तिघांपासून पुढे काय? त्याच्या बानाख आणि क्नास्टर या सहकाऱ्यांनी तोडगा काढला. एकाने आपल्या मते योग्य असा तुकडा कापायचा, ज्याला तो मोठा वाटेल त्याने कापून लहान करायचा, आणि शेवटी ज्याने कापला त्याने तो घ्यायचा. पद्धत निर्दोष आहे. पण ती आखाडात आठ मराठी माणसांना लावली तर सगळ्यांच्या वाट्याला खिमा येईल.

वाटणी झाली म्हणता म्हणता एक जण खाकरतो. तो आणि त्याचा साडू बोल्हाईचे भक्त निघतात. पुण्याजवळ वाडेबोल्हाईला देवीचं ठाणं आहे आणि तिला मानणारी घरं शेळी-बोकडाचं मटण खात नाहीत, फक्त मेंढीचं खातात. म्हणून तर पुण्याकडे दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण मिळेल’ अशा पाट्या असतात. हे त्याने बाजाराला जायच्या आधी का सांगितलं नाही? त्याला वाटलं, बोकड म्हणजे बोलायची पद्धत, आणतील मेंढाच. आता दोन वाटे मोकळे झाले. बँकवाले वही पुन्हा उघडतात.

आणि ताडपत्रीच्या कोपऱ्यात मुंडी उरते. चार खूर उरतात, वजडी उरते. मुंडीचे आठ भाग होत नाहीत. गावच्या जत्रेत तिचा मान ठरलेला असतो, आणि तो चुकला तर भावकीत वर्षभर अबोला राहतो. इथे उलट. ‘तुम्ही घ्या’, ‘छे छे, तुम्हीच घ्या’ असा आग्रह चालतो. मुंडी जाळावर भाजायची, केस खरवडायचे, शिंगं काढायची, फोडून भेजा वेगळा करायचा. वजडी कढत पाण्यात बुडवून सुरीच्या पाठीने वरची काळपट साल ओढत राहायची, तेव्हा कुठे ती टॉवेलच्या कापडासारखी पांढरी दिसायला लागते. एवढी उस्तवार तिसऱ्या मजल्यावरच्या सिंकमध्ये कोण करणार?

‘कुणाला नको असेल तर राहू द्या हितंच,’ मेव्हणा म्हणतो.

वहीत त्याचा हिशेब कुणी मांडत नाही, पण मांडण्यासारखा आहे. मूळच्या आठांतला एक वाटा त्याचा, म्हणजे १,३७५ रुपये. त्यात मिळालं जेमतेम दीड किलो मटण. वर मुंडी, पाया, वजडी, फुफ्फुस मिळून सव्वातीन किलोच्या आसपास. पडला किलोला तीनशेच्या आत. निम्म्यात पडतो, असं तो म्हणाला होता तेव्हा तो नम्रपणे बोलत होता.

अख्खं जनावर खाण्याची विद्या ज्यांना होती, त्यांच्यात बऱ्याच जणांना ती हौसेने आली नव्हती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची जी नोंद केली आहे, तिच्यात रक्तीपासून चान्यांपर्यंत सगळं आहे. चान्या म्हणजे मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवलेले तुकडे. जनावर मिळायचं ते कधीतरी, आणि मिळायचं ते एकदम. मग पुढच्या महिन्यांची सोय उन्हावर सोपवायची. तिथे ‘काटकसर’ हा शब्द फार चैनीचा ठरेल. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत डुकराचं तसंच. काळीज आणि इतर ऐवज सोरपोतेलमध्ये, काही घरी रक्तही, आणि मांस मीठ, मिरची, व्हिनेगर लावून आतड्यात भरलं की पावसाळ्यासाठी चोरीसच्या माळा तयार. सोरपोतेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक चांगलं लागतं, असं तिथे छातीवर हात ठेवून सांगतात.

आपल्या मंडळाकडे ऊनही नाही आणि व्हिनेगरही नाही. डबल डोअर फ्रीज आहे. उणे १८ अंशांवर मटण काही महिने सहज टिकतं, एकावेळच्या पुड्या बांधून ठेवाव्यात, एकदा विरघळलेलं पुन्हा गोठवू नये, इतकं सगळं बँकवाल्यांनी वाचून ठेवलेलं असतं. त्यांनी न वाचलेली गोष्ट भिंतीवर टांगलेली असते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवारी कुणाचा तरी गणपती, मध्ये एकादशी आणि संकष्टी. उरतात बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातही गटारी उलटली की श्रावण. मग गणपती. मग पितृपक्ष, मग नवरात्र. आखाडात ठेवलेली पुडी थेट दसऱ्यानंतर उघडायची, म्हणजे तीन महिने ती आइसक्रीमच्या डब्याशेजारी बसणार, आणि सासूबाई तोवर त्या फ्रीजमधलं दूधही देवाला चालवून घेणार नाहीत.

आठांत एक घर कोकणातलं असतं. त्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटणाचा. श्रावण संपता संपता ही बातमी जिन्यातून खाली येते आणि दोन दिवसांत चार घरांतले लोक वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, दगडासारख्या घट्ट पुड्या घेऊन त्यांच्या दारात उभे राहतात. फुकट घ्या म्हणतात, अगदी हात जोडून.

कोकणातल्या वहिनी एक पुडी हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि परत देतात.

‘गौरीला फ्रीजरमधलं दाखवू? अहो, दीड किलो ताजं आणलंय ह्यांना पाठवून.’